सडक्या वासाचे बुधवार

फोडणी करायची असली की आमच्या घरात एक ठरलेला कार्यक्रम होतो. मी जिन्याखालून ओरडते, "फोडणी करतेय गं." मुलगी धावत खाली येते, दाराजवळच्या खुंटीवरचं आपलं जाकीट काढते, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालते, पिशवीला गाठ मारते आणि मागच्या शेडमध्ये नेऊन टांगते. मग वर जाऊन खोलीचं दार लावते आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबते. हे सगळं न बोलता. मला यात अपमान वाटत नाही. नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरात, शाळेतल्या अकरा वर्षांच्या मुलीच्या जाकिटाला हिंगाचा वास आला तर काय होतं ते मला कळतं, आणि पिशवी हा त्यावरचा सोपा उपाय आहे. तिच्या जागी मी असते तर तेच केलं असतं.

हे आधी सांगितलं, कारण याच मुलीला मी सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी शेजारच्या बागेत गुडघ्यांवर बसलेलं पाहिलं. मेलेल्या उंदरासारखा वास मारणाऱ्या एका वस्तूपासून तिचं नाक चार बोटांवर होतं, आणि ती खुशीत हसत होती.

पण शनिवारच्या आधी बुधवार सांगायला हवेत.

इथल्या शाळा बुधवारी दुपारी लवकर सुटतात. मी मालवाहतुकीच्या एका कंपनीत ट्रकच्या वेळा लावण्याचं काम करते. कुठला ट्रक कुठल्या दाराला किती वाजता लागेल, हे ठरवायचं. दोन वर्षांपूर्वी साहेबांशी बोलून मी बुधवारची दुपार मोकळी करून घेतली. इथे अर्ध्याहून जास्त आया असं करतात, त्यात त्याग वगैरे काही नाही. नवरा आइंडहोव्हनला चिप बनवण्याच्या यंत्रांवर काम करतो आणि संध्याकाळच्या ट्रेनने येतो, म्हणजे मुलीची दुपार माझीच. पहिलं वर्ष पोहण्याच्या क्लासात गेलं. दुसऱ्या वर्षी पोहणं संपलं आणि बुधवार खऱ्या अर्थाने रिकामे झाले, तेव्हा मी म्हटलं, आता जरा दोघी मिळून काहीतरी करू.

त्याच सुमारास शेजारणीने तिला जंगलात न्यायला सुरुवात केली.

शेजारीण साठी ओलांडलेली, उंच, पांढऱ्या केसांची एकच वेणी घालणारी. दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून तिचं उभं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर तिने जंगलातल्या अळंब्या मोजायला घेतल्या. इथे असे हौशी लोक असतात. पक्षी मोजतात, फुलपाखरं मोजतात, वहीत लिहितात आणि कुणाला तरी पाठवतात. तिच्याकडे एक म्हातारा कुत्रा, एक वेताची टोपली आणि एक भिंग. मुलगी तिला 'ब्यूरव्राऊ' म्हणते. डच भाषेत शेजारणीला हाक मारायची ती हीच, साधी 'शेजारीणबाई'. पण माझी मुलगी तो शब्द असा उच्चारते की जणू ती तिची मावशी आहे.

पहिल्याच भेटीत शेजारणीने मला बजावलं होतं, माझ्याशी आदरार्थी बोलायचं नाही. माझी डच जीभ ते पाळते. मनातून मात्र मी तिला अजून 'तुम्ही'च म्हणते. मुलगी तिला सरळ 'तू' म्हणते आणि ते तिच्या तोंडी शोभतं.

सुरुवातीला मी खूशच होते. मोकळी हवा, निसर्ग, फुकटची शिकवणी. तिसऱ्या बुधवारी मी चकल्यांची भाजणी काढून ठेवली होती. सोऱ्या मुलीला आवडतो, लहानपणी तो दाबायला ओट्यावर चढून बसायची. ती शाळेतून आली, दप्तर टाकलं, उभ्याउभ्या केळं खाल्लं.

"आई, ik ga." म्हणजे मी निघाले.

"अगं, चकल्या करायच्यात ना आज?"

"ब्यूरव्राऊ वाट बघतेय. पाऊस पडलाय काल. पावसानंतर दुसऱ्या दिवशी जायचंच असतं."

पावसानंतर काय करायचं असतं ते मला त्या बाईकडून कळणार होतं. चकल्या मी एकटीने केल्या आणि ऑफिसात नेल्या. लोकांना आवडल्या.

स्पष्टच सांगते, मी जळत होते. माझा स्वभाव शोधून काढण्याचा आहे, म्हणून मी जळण्याचं कारणही शोधलं. शेजारणीकडे फक्त मजेचा भाग होता. नखं कापणं, केसांतला गुंता सोडवणं, 'गृहपाठ झाला का', 'दात घासले का', हा सगळा माल माझ्या दाराला लागत होता. ती कधीच काही विचारायची नाही. दोघी तासन्‌तास गप्प चालायच्या म्हणे. मी घरी विचारायचे, "काय बोललात?" मुलगी म्हणायची, "काही नाही." आणि ते खरं असायचं, हे सगळ्यात वाईट.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. "अगं, शेजारीण आहे ती. सवत नाही."

"सवत असती तर बरं झालं असतं," मी म्हटलं. "तू गेलास तर मला एवढा त्रास होणार नाही."

तो जरा वेळ विचारात पडला. पडू दे.

तर सप्टेंबर. आठवडाभर भिजपाऊस झाला आणि मागच्या बोळात वास यायला लागला. आमची घरं एका ओळीत, भिंतीला भिंत लागून आहेत. मागे छोट्या बागा, त्यांच्या मागे सायकली न्यायचा अरुंद बोळ. वास गोडसर, सडका, थांबून थांबून येणारा. सकाळी सायकल काढताना आला, संध्याकाळी जास्त.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो जवळ्याचा.

हे ज्यांनी परदेशात सुकी मासळी शिजवली आहे त्यांना समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. जवळा म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी. माझी बहीण अलिबागहून येते तेव्हा घेऊन येते. तो मी घट्ट झाकणाच्या बरणीत, बरणी तीन पिशव्यांत आणि पिशव्या शेडमध्ये ठेवते. वर्षातून तीनचारदा काढते. आत शिजवत नाही. मागच्या बागेत विजेची शेगडी मांडते, आणि त्याआधी फोनवर वारा कुठून आहे ते बघते. इथले लोक बाहेर पडण्याआधी पाऊस बघतात, मी वारा बघते. वारा पूर्वेकडून असला तर वास रस्त्यापलीकडच्या मैदानात जातो. पश्चिमेकडून असला तर थेट शेजारणीच्या स्वयंपाकघरात. पश्चिमेच्या वाऱ्यात मी आजवर जवळा केलेला नाही. या देशात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडूनच असतो, तेव्हा जवळा किती वेळा खाल्ला असेल याचा हिशेब तुम्हीच करा.

वास आला तेव्हा मी शेडमध्ये जाऊन बरणी हुंगली. जवळ्याला जवळ्याचाच वास होता. पण ज्याला या देशात सोळा वर्षं आपल्या वासाची धास्ती आहे त्याचं नाक अशा वेळी साक्षीला उभं राहत नाही. मी गटाराची जाळी उकळत्या पाण्याने धुतली. ओल्या कचऱ्याचा हिरवा डबा व्हिनेगरने घासला. गुरुवारी संध्याकाळी दोन घरं सोडून राहणारे आजोबा बोळात भेटले. सायकलला हवा भरत होते. म्हणाले, "वास काही बरा नाही, नाही का?" एवढंच. पण बोलताना त्यांची नजर आमच्या शेडकडे गेली, किंवा मला तशी वाटली.

शुक्रवारी कचऱ्याची गाडी येते. शुक्रवारी सकाळी सहा वाजता मी अर्धा किलो जवळा, पिशव्यांसकट, डब्यात टाकला आणि गाडी तो घेऊन गेली.

शनिवारी वास दुप्पट झाला.

मला वाटलं, आता शेडच्या लाकडात मुरला. यावर एकच मार्ग होता, सरळ जाऊन सांगणं. इथे लोकांना सरळ सांगितलेलं आवडतं. मी केस विंचरले आणि निघाले. पहिल्या घरी एक तरुण जोडपं राहतं. मी म्हटलं, "हा वास माझ्या सुक्या मासळीचा आहे. मी ती टाकून दिली आहे. दोन दिवसांत जाईल. माफ करा." ती दोघं म्हणाली, काही हरकत नाही. दुसऱ्या घरी आजोबा. तेच वाक्य मी पुन्हा म्हटलं.

आजोबा मान हलवून म्हणाले, "हो, आम्हाला वाटलंच होतं तसं."

अगदी प्रेमाने म्हणाले. कॉफी घेणार का, असंही विचारलं. मी नको म्हटलं.

शेजारणीचं दार मी शेवटी ठेवलं होतं. मुलगी सकाळीच तिच्याकडे कुत्र्याला फिरवायला गेली होती. दार उघडल्यावर मी पाठ झालेलं वाक्य तिसऱ्यांदा सुरू केलं. 'सुकी मासळी' या शब्दांपाशी शेजारणीने माझ्या दंडाला हात लावला.

"मासळी? नाही, नाही. ये, तुला दाखवते."

तिच्या बागेत, कुंपणाच्या आत, लाकडाच्या ढलप्या पसरलेल्या आहेत. त्या ढलप्यांतून तीन वस्तू वर आल्या होत्या. पांढरा, जाळीदार, पोकळ दांडा, अर्ध्या वितीहून जास्त उंच. त्यावर गडद हिरव्या चिकट घाणीची टोपी, आणि त्या टोपीवर माशाच माशा. बाजूला ढलप्यांत अर्धवट पुरलेलं, कोंबडीच्या अंड्याएवढं, पांढरं, लिबलिबीत काहीतरी. आणि समोर गुडघ्यांवर माझी मुलगी, हातात फूटपट्टी, मांडीवर वही.

"आई! Kijk, बघ! सकाळी सात सेंटिमीटर होती. आता चौदा!"

"नाक लांब घे."

"Lekker vies," ती म्हणाली. 'लेकर व्हीस', म्हणजे मस्त घाण. या दोन शब्दांची जोडी डच मुलांनाच सुचते. आणि तिने पुन्हा वाकून हुंगलं.

शेजारणीने समजावलं. ते अंडं म्हणजे हेक्सन-आय, चेटकिणीचं अंडं. त्यातून ही अळंबी काही तासांत वर येते. वास मुद्दाम आहे. माशा येतात, घाण खातात, पायांना लावून नेतात, आणि दुसरीकडे बीज पडतं. लॅटिन नाव तिच्या आकारावरून आहे. तो आकार कशाचा, हे मुलीने विचारलं आणि शेजारणीने सांगितलं, बस दहा मिनिटं उशिरा आहे असं सांगावं त्या आवाजात. मुलगी "ओ" म्हणाली आणि लिहून घेतलं. त्या अवयवासाठी माझ्याकडे मराठीत दोनच शब्द आहेत, एक तान्ह्या बाळाला अंघोळ घालतानाचा आणि एक भांडणातला. अकरा वर्षांच्या मुलीपुढे यातला कुठलाच चालत नाही. तेव्हाही मी जळले.

मग शेजारणीने लोकांना बोलावलं. तरुण जोडपं आलं. आजोबा आले, नातीला खांद्यावर घेऊन. प्रत्येकाचं अगदी सारखंच झालं. आधी एक पाऊल मागे, हात नाकावर, "बाह!" मग एक पाऊल पुढे. मग दुसऱ्यांदा हुंगणं, जरा सावकाश. मग हसू. मग फोटो. आजोबांनी नातीला खाली वाकवून वास दिला आणि म्हणाले, "विलक्षण! असं काही आपल्या बोळात!" तरुण नवऱ्याने आकारावरून काहीतरी म्हटलं, बायकोने त्याला कोपर मारलं, सगळे हसले. माझ्या जवळ्याविषयी कुणी काही बोललं नाही. माफी कोण मागणार? माझ्यावर आरोप कुणी केलाच नव्हता. आरोप मी केला होता, गुन्हा मी कबूल केला होता आणि पुरावा कचऱ्याच्या गाडीत घातला होता.

दुसऱ्यांदा हुंगणं. ते माझ्या डोक्यातून जाईना. या ओळीतल्या कुणीही माझ्या कुठल्याही पातेल्यावर वाकून दुसऱ्यांदा हुंगलेलं मला आठवत नाही. माझ्या मुलीनेसुद्धा नाही. एका बुरशीचा हेवा वाटणं हास्यास्पद आहे हे मला समजत होतं. तरी वाटला.

घरी आल्यावर मी मुलीला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"काय?"

"ते अंडं."

तिने वही उघडून बघितलं. "बारा दिवस."

"बारा दिवस वास येतोय, मी गटार धुतेय, डबे घासतेय, आणि तू बोलली नाहीस?"

"वास चारच दिवस येतोय. अंड्याला वास नसतो."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू त्याच्यावर उकळतं पाणी ओतलं असतंस."

मी खोटं बोलत नाही, निदान तेव्हा बोलले नाही. "हो," मी म्हटलं.

"मग?" ती म्हणाली. तिने वही बंद केली. "ब्यूरव्राऊ म्हणाली, आपण दोघींतच ठेवू."

आपण दोघींत. बारा दिवस, त्यात दोन बुधवार.

पुढच्या बुधवारी मी म्हटलं, मीपण येते. मुलीने खांदे उडवले. शेजारणीला आनंद झाला, निदान तिने तसं दाखवलं. तिने मला आपले जुने रबरी बूट दिले, दोन नंबर मोठे. जंगलापर्यंत सायकलने वीस मिनिटं, कुत्रा पुढच्या टोपलीत. आत गेल्यावर त्या दोघी चालायला लागल्या आणि मी मागून थप थप करत.

मला तिथे काही दिसतच नव्हतं. पाइनची झाडं, नेचा, ओली पानं. मुलगी मात्र दर दहा पावलांवर थांबायची. बोट दाखवायची. शेजारीण मान हलवायची. मुलगी लिहायची. बोलणं नाहीच. मी दोनदा विचारलं, "हिचं काय नाव?" दोन्ही वेळा मुलीने मला सावकाश, सोपं करून सांगितलं, मी जसं डच शिकताना तिला विचारायचे आणि ती सांगायची तसं.

मग तिला ते लाल दिसलं. वाळक्या पानांतून वर आलेले पाच लाल हात, बोटाएवढे जाड, मुळापाशी जोडलेले, टोकाकडे वळलेले, आणि त्यांवर काळ्या घाणीचे ठिपके. कुणीतरी समुद्रातला प्राणी जंगलात टाकून गेलं आहे असं वाटावं. वास तोच, सडका. मुलीने टाळ्या वाजवल्या. तिने आणि शेजारणीने तीन आठवडे याच्यासाठी पायपीट केली होती म्हणे. शेजारणीने सांगितलं, ही मूळची इकडची नाही, ऑस्ट्रेलियाकडची. बहुतेक लोकरीच्या गठ्ठ्यांतून युरोपात आली आणि राहिली.

"चांगली रुजली," ती म्हणाली. "लोकांना फार आवडते."

वाटेने जाणारं एक जोडपं थांबलं. एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे, दुसऱ्यांदा हुंगणं, फोटो. मी बाजूला उभी राहून बघत होते.

ते गेल्यावर शेजारणीने आपली वही काढली आणि माझ्याकडे वळली. "तुमच्या भाषेत असल्या रानटी अळंब्यांना काय म्हणतात? खाण्याच्या नव्हे, अशा."

आता हे साधं, सभ्य कुतूहल होतं. ती माझ्यासाठी जागा करत होती, हे मला तेव्हाही दिसत होतं. आणि उत्तर मला माहीत होतं, लहान पोरालाही माहीत असतं. पण माझ्या मनात आलं, मुलगी घेतलीत, बुधवार घेतलेत, आता हेही तुमच्या वहीत जाणार? आणि तुम्ही ते भिंगाखाली धरून सगळ्यांना सांगाल, किती गोड शब्द आहे.

"नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे शब्द नाही."

"शब्दच नाही?"

"नाही. आम्ही तिकडे बघत नाही."

मुलगी उकिडवी बसून लाल हात मोजत होती. मान वर न करता म्हणाली, "आहे की. आजी म्हणते. मी तिला व्हिडिओवर दाखवली ना, तेव्हा म्हणाली, ई, कुत्राची छत्री."

"कुत्र्याची," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. मुलगी मराठीत चुकली की मी दुरुस्त करते. अकरा वर्षांची सवय आहे, विचार करावा लागत नाही. कुत्रा, पण कुत्र्याची.

मुलीने मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं, मग शेजारणीकडे, मग परत माझ्याकडे. ती हुशार आहे.

"तुला माहीत होतं," ती मराठीत म्हणाली. ती मला मराठीत क्वचितच उत्तर देते. तेव्हा दिलं, म्हणजे हे आमच्या दोघींतलं आहे हे तिला कळलं होतं.

शेजारणीने शब्दाचा अर्थ विचारला आणि मुलीने डचमध्ये सांगितला. कुत्र्याची छत्री. शेजारीण मोठ्याने हसली आणि लिहायला लागली. तिला 'त्र्या' जमेना. मुलीने तिला दोनदा म्हणून दाखवलं. मी दाखवलं नाही.

परतताना मुलगी कुत्र्याला घेऊन पुढे गेली. मी बुटांतून पाय ओढत शेजारणीच्या बरोबरीने आले. माझ्याकडे गोल फिरून बोलण्याची कला नाही.

"मला माझे बुधवार परत हवेत," मी म्हटलं.

ती थांबली. रागावली नाही. इथल्या माणसांना असं विचारलं की ती उत्तर द्यायला लागतात, हे यांचं मला आवडतं.

"ते माझ्याकडे नाहीत," ती म्हणाली. "तिच्याकडे आहेत. तू तिला विचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. ट्रकवाल्यांना मी दिवसाला चाळीसदा विचारते, किती वाजता येताय. मुलीला मी सांगत आले होते.

"शब्दाचं," मी म्हटलं, "मी खोटं बोलले."

"हो," शेजारीण म्हणाली. "मला वाटलंच होतं तसं." आणि चालू लागली.

त्या संध्याकाळी जेवणानंतर मी मुलीला म्हटलं, "मला तुझ्याबरोबर बुधवार हवाय. चालेल का?"

तिने दप्तरातून आपली छोटी डायरी काढली. इथल्या शाळेत सगळ्यांना असते, आणि इथे आजीलासुद्धा नातवाला भेटायला तीन आठवडे आधी वेळ घ्यावी लागते, तेव्हा हे मुलं लहानपणीच शिकतात. तिने पानं उलटली.

"लगेच नाही हं. पुढच्या बुधवारी ब्यूरव्राऊबरोबर ठरलंय. त्याच्या पुढच्या?"

"दर बुधवारी म्हणत होते मी."

"दर दुसऱ्या," ती म्हणाली. "एक तुझा, एक तिचा. अळंब्या डिसेंबरनंतर नसतात, तेव्हा बघू."

नवरा भांडी धूत होता. हसण्याने त्याची पाठ हलत होती. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"लिही," मी म्हटलं. तिने पेन्सिलीने लिहिलं, 'आई, १ ते ५'. पेनाने का नाही, हे मी विचारणार होते. विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी माझा बुधवार आला. ती घरी आली, केळं खाल्लं, टेबलाशी बसली.

"प्लॅन काय आहे?"

मी फ्रिजवरचा कागद काढून वाचला. हिवाळ्याचे बूट. चष्म्याचा नंबर. वाचनालयाची पुस्तकं परत. आजीला फोन.

"आई, हा प्लॅन नाही. ही यादी आहे."

"यादीच आहे. बुटांनंतर तुला हवं ते."

आम्ही सायकली घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडलो, तेव्हा शेजारीण निघत होती. कुत्रा टोपलीत, वेणी जाकिटात खोचलेली. आदल्या रात्री पाऊस पडला होता. तिने हात केला. मुलीनेही केला, आणि तिचा हात जरा जास्त वेळ वर राहिला. शेजारीण डावीकडे, जंगलाच्या रस्त्याला लागली. आम्हाला उजवीकडे जायचं होतं. मुलगी एक पाय जमिनीवर टेकवून तिकडे बघत राहिली.

चांगली आई अशा वेळी म्हणते, जा बाळा, बूट उद्या घेऊ. मला ते वाक्य सुचलं होतं. ते मी गिळलं.

"चल," मी म्हटलं.

ती आली. दुकानापर्यंत सगळा वेळ बोलत होती. ब्यूरव्राऊ म्हणते की थंडी पडली की लाल वाली मरते. ब्यूरव्राऊला वाटतं चौथं अंडं उगवणार नाही. ब्यूरव्राऊला अजून 'त्र्या' येत नाही, ती 'कुत्याची' म्हणते, मी रोज तिची तयारी करून घेते. प्रत्येक वाक्यात ब्यूरव्राऊ होती. पण बोलत ती माझ्याशी होती, सलग वीस मिनिटं. सिग्नलला मी मुद्दाम हळू झाले आणि हिरवा दिवा जाऊ दिला.

"आई! निघायचं होतं ना!"

"राहिलं," मी म्हटलं. "चौथ्या अंड्याचं काय म्हणत होतीस?"